बोला दे द्राक : एका जपानी चित्रकथेचे कॅटलान आयुष्य

आमचा सहा वर्षांचा नातू घरात मराठी बोलतो, शाळेत कन्नड गिरवतो आणि एकटा खेळू लागला की हिंदीत बोलतो. ही हिंदी त्याला कोणी शिकवलेली नाही. ती डोरेमॉन आणि शिनचॅन या दोन जपानी पात्रांकडून त्याच्याकडे आली. आम्ही वकील मंडळी भाषेच्या प्रश्नाकडे सवयीने अधिसूचना, जनगणनेचे तक्ते आणि अल्पसंख्य भाषिकांच्या पंधरा टक्क्यांच्या निकषातून पाहतो. नातवाच्या खेळातली भाषा यांपैकी कोणत्याच कागदावर सापडत नाही. त्याचा खेळ ऐकताना आम्हाला स्पेनमधील एका प्रकरणाची आठवण झाली. तिथेही एक जपानी चित्रमालिका मुलांपर्यंत पोहोचली होती. मात्र ती मोठ्या भाषेतून नव्हे, तर दीर्घकाळ दडपलेल्या भाषेतून.

मालिकेचे मूळ नाव ‘ड्रॅगन बॉल’. अकिरा तोरियामा यांची ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात शुएशा प्रकाशनाच्या ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात ५१९ प्रकरणांत प्रसिद्ध झाली; पुढे तिचे ४२ खंड झाले. तोएई कंपनीने तिचे चलच्चित्र १९८६ पासून दाखवण्यास आरंभ केला. नायक सोन गोकू हा शेपटीवाला मुलगा. त्याचे नाव आले आहे ते ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतील वानरावरून. त्या कादंबरीतला भिक्षू ज्याच्यावर बेतला आहे, तो ह्युएन त्संग सातव्या शतकात खरोखरच आपल्याकडे आला होता आणि दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून गेला. म्हणजे गोकूचा पूर्वज निदान कथेत तरी आपल्याच दिशेने निघाला होता. असो.

स्पेनमध्ये डबिंगचा इतिहास मालिकेच्या बराच आधी, आणि अतिशय कडवट रीतीने, सुरू होतो. यादवी युद्ध जिंकल्यानंतर फ्रँकोच्या राजवटीने कॅटलान भाषा शाळा, कचेऱ्या आणि छापखाने यांतून हद्दपार केली. २३ एप्रिल १९४१ च्या आदेशाने चित्रपट कॅस्टिलियन, म्हणजे आपण ज्याला स्पॅनिश म्हणतो, त्या भाषेखेरीज अन्य भाषेत दाखवण्यास मनाई झाली; परदेशी चित्रपटांचे डबिंग सक्तीचे ठरले. पुढे सक्ती सैल झाली, परंतु सवय राहिली. परका नट आपल्या भाषेत बोलतो ही प्रेक्षकाला स्वाभाविक गोष्ट वाटू लागली, आणि ‘आपली भाषा’ म्हणजे कॅस्टिलियन हेही त्याच ओघात ठरून गेले. आमच्या मते या आदेशाचे खरे बळ मनाईत नव्हते, तर या सवयीत होते.

फ्रँको १९७५ मध्ये गेला. १९७८ च्या संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने कॅस्टिलियन जाणणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले. इतर भाषांना त्यांच्या त्यांच्या स्वायत्त प्रदेशांत राजमान्यता दिली. ‘त्यांच्या त्यांच्या प्रदेशांत’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. १९७९ मध्ये कॅटलोनियाला स्वायत्ततेचा कायदा मिळाला आणि १९८३ मध्ये तेथील विधिमंडळाने भाषिक सामान्यीकरणाचा कायदा केला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ‘टीव्ही३’ या कॅटलान वाहिनीने पहिले प्रक्षेपण केले. गंमत अशी की प्रादेशिक वाहिन्यांना परवानगी देणारा स्पेनचा कायदा डिसेंबरात झाला. वाहिनीने आधी पाऊल टाकले, कायदा मागून आला. पहिल्या काळात तिथे अमेरिकेची ‘डॅलस’ मालिका कॅटलानमध्ये लागत असे. टेक्ससमधल्या तेलसम्राटांच्या तोंडी कॅटलान ऐकून काहींना हसू आले असेल. पण ज्या भाषेत फक्त आजीशी बोलायचे, त्या भाषेत कारस्थानही करता येते हे त्या मालिकेने दाखवून दिले.

१५ फेब्रुवारी १९९० रोजी टीव्ही३ वर ‘बोला दे द्राक’ सुरू झाली. गॅलिसियाच्या वाहिनीने हीच मालिका गॅलिशियनमध्ये, बास्क वाहिनीने बास्कमध्ये दाखवली. अंदालुसिया आणि माद्रिद येथे ती कॅस्टिलियनमध्ये आली. बार्सिलोनातील मुलाला अंदालुसियाची वाहिनी दिसत नव्हती. त्यामुळे आईवडील दक्षिणेकडून पोट भरण्यासाठी आलेले, घरात केवळ कॅस्टिलियन बोलणारे असले, तरी त्या मुलाला गोकू भेटला तो कॅटलानमध्येच. शाळेत ती भाषा विषय म्हणून शिकवली जात होती. मधल्या सुट्टीत मात्र आता तीच भाषा हाणामारीच्या खेळाची झाली. पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत असे धमकीचे, थट्टेचे आणि हार मानण्याचे शब्द मुलांना त्या मालिकेने दिले.

हे भाषांतर मुळाशी अगदी इमानदार होते असे म्हणता येणार नाही. नावांवर फ्रेंच आवृत्तीची छाप होती. जपानीतील पिकोलो हे नाव एका लहान बासरीचे. फ्रेंचमध्ये त्याचे ‘छोटे हृदय’ झाले आणि तिथून कॅटलानमध्ये ‘कोर पेतित’. गोकूच्या ‘कामेहामेहा’ या अस्त्राचे ‘ओना व्हिताल’, म्हणजे प्राणलहर, झाले. पंडितांनी नाक मुरडावे असाच हा प्रकार. परंतु दोन्ही तळहात पुढे करून ‘ओना व्हिताल’ असे ओरडणारी एक अख्खी पिढी तयार झाली, आणि तो शब्द आता जपानकडे परत मागता येणार नाही. कोणती कॅटलान वापरावी, ग्रांथिक की रस्त्यावरची, यावरही त्या काळात वर्तमानपत्रांतून जोराचा वाद झडत होता. वाहिनीने पुढे १९९७ मध्ये भाषांतर व डबिंगविषयीचे आपले भाषिक निकष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. डबिंगचा स्टुडिओ हीदेखील भाषा घडवण्याची जागा आहे, हे तिथे मान्य झाले होते.

प्रकाशनाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. मालिका सुरू झाली तेव्हा मूळ चित्रकथा तिथे छापलेलीच नव्हती. मुलांनी वाट पाहिली नाही. बार्सिलोनाच्या सांत आंतोनी येथील रविवारच्या पुस्तकबाजारात गोकूच्या चित्रांच्या छायाप्रती विकल्या जाऊ लागल्या. त्यांतील कित्येक प्रती प्रतींच्याच प्रती असल्याने रेषा पुसट झालेल्या असत. स्वामित्वहक्काचा कायदा पाहिला तर हा सरळ भंग, आणि वकील म्हणून आम्ही त्याचे समर्थन करणार नाही. पण मागणी सिद्ध करणारा याहून बळकट पुरावा कोणत्या प्रकाशकाला मिळाला असता? १९९२ मध्ये प्लानेता-देआगोस्तिनी या प्रकाशनसंस्थेने ही चित्रकथा पातळ अंकांच्या रूपात काढली, आणि ती कॅस्टिलियनबरोबर कॅटलानमध्येही काढली. कोणत्याही न्यायालयाने तसा हुकूम दिला नव्हता. मुलांना पात्रांची नावे कॅटलानमध्ये पाठ होती, एवढेच कारण पुरेसे होते.

आता ‘त्यांच्या त्यांच्या प्रदेशांत’ या शब्दांकडे येऊ. कॅटलोनियाच्या दक्षिणेला व्हॅलेन्सिया हा वेगळा स्वायत्त प्रदेश आहे. तिथेही हीच भाषा बोलतात. तिथल्या कायद्यात तिचे नाव व्हॅलेन्सियन. त्या प्रदेशाची ‘कनाल नोउ’ ही वाहिनी १९८९ मध्ये सुरू झाली आणि गोकू तिथे व्हॅलेन्सियन उच्चारांत बोलला. ज्यांना सीमेपलीकडची टीव्ही३ देखील हवी होती, त्यांच्यासाठी ‘आक्सिओ कुल्तुराल देल पाइस व्हॅलेन्सिया’ या संस्थेने ऐंशीच्या दशकातच लोकवर्गणीतून डोंगरांवर सहक्षेपक उभारले होते. परवाना नव्हता, पण पाव शतक ते चालले. पुढे व्हॅलेन्सियाच्या सरकारने त्यांच्याविरुद्ध कारवाई आरंभली, भरमसाट दंड बसवले, आणि १७ फेब्रुवारी २०११ रोजी ते प्रक्षेपण बंद पडले. प्रक्षेपणाच्या परवान्याचा हा मुद्दा कायद्याने अगदीच पोकळ नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. पण एकाच भाषेच्या लोकांमध्ये प्रशासकीय रेघ आली की रेघेपलीकडचे कार्टूनदेखील परके ठरते, हे वाक्य सीमाभागातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. सीमाविरहित दूरचित्रवाणीच्या मागणीसाठी तिथे साडेसहा लाखांवर सह्या गोळा झाल्या. २०१३ च्या नोव्हेंबरअखेर त्या सरकारने स्वतःची व्हॅलेन्सियन वाहिनीही बंद केली. नवी वाहिनी यायला २०१८ उजाडले. तोवर तिथल्या मुलांसाठी ना पलीकडचा गोकू होता, ना घरचा.

या कथेला विजयकथा म्हणण्याचा मोह आवरायला हवा. कॅटलोनिया सरकारच्याच पाहणीनुसार कॅटलान ही नेहमीच्या वापराची भाषा म्हणून सांगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००३ मध्ये ४६ टक्के होते. २०२३ मध्ये ते ३२.६ टक्क्यांवर आले. बाहेरून येणाऱ्यांची मोठी संख्या हे त्याचे एक प्रमुख कारण. दुसरे असे की आजच्या मुलाच्या हातातील पडद्यावर सांत आंतोनीच्या बाजारासारखी एकच वाट नाही; जगभरच्या भाषा तिथे एका बोटावर उभ्या असतात.

आपल्या शेजारी बांगलादेशाने वेगळी वाट धरली. मुले हिंदी बोलू लागली म्हणून २०१३ मध्ये तिथल्या सरकारने हिंदीतील डोरेमॉनचे प्रक्षेपण थांबवले. बंगाली डोरेमॉन पुढच्या वर्षी आला. आमच्या मते हा क्रम उलटा व्हायला हवा होता.

कर्नाटकात तर कन्नड चित्रपटसृष्टीनेच अनेक दशके डबिंगला अटकाव केला होता. २०१२ मध्ये कन्नड ग्राहकांच्या एका संघटनेने भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली आणि २७ जुलै २०१५ रोजी आयोगाने हा अटकाव बेकायदा ठरवला. कन्नड संघटनांशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत, पण तो अर्ज योग्य होता आणि निर्णयही. तो वाचल्यावर आम्ही कपाटातील आमच्या जुन्या निवेदनांची फाईल काढली. शाळा, दुकानांचे फलक, जमिनीचे उतारे, बसच्या पाट्या या सर्वांविषयी तीत अर्ज आहेत. मुलांच्या वाहिनीविषयी एकही नाही. आणि त्यांतले निम्मे अर्ज आमच्याच हस्ताक्षरातले आहेत.