बाह्य नौका-एंजिन

नौकेच्या मागील आडव्या फळीस बाहेरून पकडीने बसविण्यात येणारे व सहज काढून नेता येणारे एंजिन. व्यवहारात यास ‘आउटबोर्ड मोटर’ म्हणतात. एंजिन, उभा दंड, दंतचक्रे व प्रचालक (पंखा) यांचा हा एकच संच असतो. तो संपूर्ण वळवून नौकेस दिशा देतात. त्यामुळे वेगळ्या सुकाणूची गरज राहत नाही.

इतिहास : गुस्ताव्ह त्रूव्हे (१८३९–१९०२) यांनी १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीत विजेवर चालणारी सुटी मोटर नौकेस लावून दाखविली. कॅमेरॉन वॉटरमन यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरीची चाचणी १९०५ मध्ये डिट्रॉइट नदीत घेतली. नॉर्वेत जन्मलेले ओले एव्हिनरूड (१८७७–१९३४) यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी येथे सु. दीड अश्वशक्तीचे व २८ किग्रॅ. वजनाचे एंजिन तयार केले. त्याचे एकस्व त्यांना १९११ मध्ये मिळाले. १९२२ मध्ये विक्रीस आलेल्या जॉन्सन बंधूंच्या दोन अश्वशक्तीच्या एंजिनाचे वजन, ॲल्युमिनियमाच्या वापरामुळे, सु. १६ किग्रॅ. इतकेच होते. होंडा कंपनीने १९६४ मध्ये चार-धावी एंजिन आणले. अ. सं. सं. मध्ये १९९६ साली प्रदूषणविषयक नियम जाहीर झाल्यावर जुन्या धर्तीची दोन-धावी एंजिने मागे पडत गेली. एव्हिनरूड नावाच्या एंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबले.

साठवण व दोष : हलकेपणा व सुटेपणा यांमुळे हे एंजिन सर्वत्र पसरले, पण त्यांमुळेच ते हंगामानंतर काढून महिनोन् महिने ठेवले जाते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात, तेव्हाही हीच स्थिती असते. या काळात पेट्रोलमधील बाष्पनशील घटक उडून जातात व चिकट अवशेषाने कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते व पुढे पाण्याचा थर तळाशी वेगळा होतो. पाण्याच्या पंपातील रबरी चक्राची पाती वाकलेल्या स्थितीतच कडक होतात.

एंजिन सुरू न झाल्यास प्रथम आणीबाणीच्या थांबकाची दोरी जागेवर आहे का, हे पाहतात. नंतर जुने इंधन काढून ताजे भरतात, नळी व गाळणी तपासतात आणि कार्ब्युरेटर साफ करतात. त्यानंतर ठिणगी-गुडदीची परीक्षा करतात. दट्ट्या अडकला असल्यास दोरी जोराने ओढू नये. गुडदीच्या छिद्रातून थोडे तेल सोडून चक्र हाताने हळूहळू फिरवावे. दंतचक्रांतील तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजावे. पाण्याविना एंजिन चालवू नये, कारण रबरी चक्र अल्पावधीत जळते. एंजिन सुरू झाल्यावर शीतनाच्या पाण्याची धार बाहेर पडते की नाही, हे पाहणे अत्यावश्यक असते. किनाऱ्यावर क्षुल्लक वाटणारा हा दोष खोल पाण्यात, वारा व प्रवाह यांच्या तावडीत, जिवावर बेतू शकतो. म्हणून साठवणीपूर्वी इंधन रिकामे करणे व गोड्या पाण्याने एंजिन आतून धुणे, हाच खरा उपाय होय.