ठगाची जबानी आणि वाचकाचे न्यायासन

रहस्यकथेची गोडी ही चारचौघांत कबूल करावयाची गोष्ट नव्हे, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून पुष्कळ काळ नांदत होती. समोर जाडजूड ग्रंथ उघडा आणि त्याच्या आड बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड, हा देखावा कित्येक घरांच्या परिचयाचा होता. आम्हांस मात्र या गोडीची लाज बाळगण्याचे काही कारण दिसत नाही. गुन्हा कसा घडला, कोणाच्या हातून घडला आणि अखेर सत्य बाहेर कसे आले, हे जाणून घेण्याची ओढ ही माणसाच्या न्यायबुद्धीची धाकटी बहीणच होय. कथा निव्वळ कल्पित असेल तोवर या बहिणीने खुशाल खेळावे, बागडावे. परंतु पुस्तक जेव्हा ‘ही घडलेली हकीकत आहे’ असे सांगू लागते, तेव्हा वाचकाची भूमिका पालटते. तो नुसता कथा ऐकणारा राहत नाही. नकळत पंचाच्या आसनावर जाऊन बसतो. त्या आसनाची जबाबदारी कोणती, हे एका जुन्या पुस्तकाच्या इतिहासावरून पाहावे, असा आज आमचा विचार आहे.

पुस्तक इंग्रजी आहे. त्याचे नाव ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, म्हणजे एका ठगाचा कबुलीजबाब. ते लंडनमध्ये 1839 साली तीन खंडांत प्रसिद्ध झाले. पण त्याचा कर्ता आपल्या तुळजापूर-नळदुर्गच्या मुलखात वावरलेला होता, म्हणून त्याची कथा आपणांस परकी वाटू नये.

फिलिप मेडोज टेलर हा 1808 साली लिव्हरपूल येथे जन्मला. बापाचा व्यापार बसला, तेव्हा पंधरा वर्षांच्या या मुलाला 1824 साली मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडे धाडण्यात आले. येऊन पाहतो तो पेढीच डबघाईस आलेली! अखेर वशिल्याने त्यास निजामाच्या फौजेत जागा मिळाली. कंपनी सरकारचा बडा अंमलदार होण्याचे भाग्य त्याच्या वाट्यास आले नाही. परंतु लोकांत मिसळणे, त्यांच्या भाषा शिकणे हे त्याने मनापासून केले. पुढे पोलिसांकडील काम मिळून तो तुळजापुरास राहिला. तेथे असताना, या भागात वाटसरूंचे खून होतात, अशा वार्ता त्याच्या कानावर आल्या होत्या. त्यांचा माग तो काढू लागला होता, तोच त्यास पलटणीत परत जाण्याचा हुकूम झाला. हे काम आपल्या हाती राहते तर ठगांचा शोध आपणच आधी लावला असता, अशी हळहळ त्याने म्हातारपणी लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर 1877 साली निघालेल्या आत्मचरित्रात व्यक्त केली आहे.

ते श्रेय गेले विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे. स्लीमनच्या तपासाची सारी भिस्त माफीच्या साक्षीदारांवर होती. रस्त्यावर गाठून मारलेला प्रवासी घरापासून शेकडो कोस दूर असे. त्याची वाट पाहणाऱ्यांस तो कोठे नाहीसा झाला हे ठाऊक नसे, आणि मारणारे दुसऱ्या दिवशी वीस मैल पुढे गेलेले असत. अशा गुन्ह्यास साक्षीदार मिळावा कोठून? म्हणून पकडलेल्या ठगालाच फितवावयाचे, अशी युक्ती निघाली. त्याने आपले सारे गुन्हे सांगावेत, साथीदारांची नावे द्यावीत, प्रेते पुरल्याच्या जागा दाखवाव्यात. मोबदल्यात फाशी टळेल, मात्र तुरुंग सुटणार नाही. काही दडविले असे आढळले तर मानेभोवतीचा फास पुन्हा आवळला जाईल. दाखविलेल्या जागी खणल्यावर हाडे निघाली, हे खरे आहे, आणि ते विसरून चालणार नाही. घरी परतणारे शिपाई, सावकारांचा पैसा नेणारे हरकारे, यात्रेकरू, अशी कितीतरी माणसे त्या काळी रस्त्यांवर मारली गेली.

परंतु या पद्धतीचा दुसरा भाग पाहा. ज्याचे जगणे बोलण्यावर अवलंबून आहे, तो बोलतच राहणार. तो सांगणार हिंदुस्थानीत, लिहून घेतले जाणार इंग्रजीत, आणि प्रश्न विचारणार साहेब. साहेबाने ‘तुमची देवी कोणती? तुमचे शकुन कोणते? हा धंदा तुमच्यात किती पिढ्यांचा?’ असे विचारले की उत्तरेही त्याच वळणाने येणार. अशा उत्तरांतून स्लीमनने ठगांच्या बोलीचा कोश तयार केला, त्यांच्या घराण्यांच्या वंशावळी मांडल्या आणि ते सारे 1836 साली ‘रामसीआना’ या नावाने छापले.

त्याच 1836 साली तिसाव्या क्रमांकाचा कायदा झाला. कोणीही मनुष्य कधीही, म्हणजे कायद्याच्या आधी वा नंतर, ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की त्यास जन्मठेप, असा त्याचा आशय. अमुक मनुष्याने अमुक दिवशी अमुक माणसाचा जीव घेतला, हे दाखविण्याची गरज उरली नाही. आणि ठग कोणास म्हणावे, याची व्याख्या त्या कायद्यात दिलेलीच नव्हती! पुढच्या वर्षी आणखी एक कायदा होऊन, शिक्षा झालेल्या माणसाची साक्षही ग्राह्य ठरली. शतकानुशतके न्यायाचा दंड कृत्यावर पडत असे. येथे तो कोणाचा कोण आहे यावर पडू लागला.

अशा वेळी टेलरचे पुस्तक आले. हैदराबादेस माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेण्याच्या कामी तो स्वतः होता, म्हणून त्याच्याजवळ साहित्य भरपूर होते. कथेचा नायक अमीर अली तुरुंगात बसून एका साहेबास आपली जीवनकथा सांगतो आहे, अशी रचना आहे. सातशे एकोणीस खून आपल्या हातून झाले असे तो सांगतो, आणि मध्ये बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, असा खेदही करतो. ही हकीकत बहुतेक सारी खरी असून घटना जोडण्यापुरतेच आपण कल्पनेचे साहाय्य घेतले आहे, असे टेलरने प्रस्तावनेत बजावले. नुकत्याच गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला इतका धीर निघेना की छापखान्यातून निघणारे तपासलेले फर्मे तिने आपल्याकडे मागवून घेतले, असे तो आत्मचरित्रात नमूद करतो.

पुस्तक वाचणाऱ्यास या अधीरतेचे नवल वाटत नाही. पो या अमेरिकन लेखकाने 1841 साली पहिली गुप्तहेरकथा लिहिली असे मानले जाते. तेव्हापासून ‘कोणी केले?’ हा रहस्यकथेचा प्राण झाला. टेलरच्या कथेत तो प्रश्नच नाही. खुनी कोण ते पहिल्या पानापासून ठाऊक आहे. वाटेत एखादा सावकार भेटतो. गोड बोलणे होते, सोबतीचे वचन दिले जाते, रात्री गाणेबजावणे होते. त्या बिचाऱ्यास ठाऊक नाही ते वाचकास ठाऊक आहे, आणि रुमाल केव्हा पडणार या एका विचाराने त्याचा श्वास कोंडतो. त्याहून भयंकर गोष्ट अशी की, थोड्या वेळाने आपण अमीर अलीच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. बेत फसतो की काय, अशी चिंता आपल्यालाच वाटू लागते! लहानपणी आईबापांना मारून ज्याला ठगांनी वाढविले, तोच पुढे अजाणता आपल्या सख्ख्या बहिणीचा जीव घेतो, आणि तिच्या गळ्यातले नाणे ही त्याची खूण ठरते. कथाकार म्हणून टेलरची थोरवी निःसंशय आहे. त्याने खुन्याला राक्षस न करता माणूस ठेवले. पुढे 1863 साली तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या मुलीवर ‘तारा’ ही शिवकालीन कादंबरी त्याने लिहिली, तीतही या मुलखाविषयीची त्याची माया दिसते. दहा वर्षे आधी तो याच भागात, नळदुर्ग जिल्ह्याचा अंमलदार म्हणून परत आला होता.

परंतु कथा रंगली की ती लेखकाच्या हाती राहत नाही. फ्रान्समध्ये यूजीन स्यू याने 1844-45 साली आपल्या गाजलेल्या ‘भटक्या ज्यू’ या कादंबरीत फिरंगिया नावाचा गळेकापू ठग आणून बसविला; फिरंगिया हे स्लीमनच्या एका खऱ्या साक्षीदाराचे नाव. इंग्रजी भाषेने ‘ठग’ हा शब्दच उचलला आणि कोणत्याही दांडग्या गुंडास लावला. जॉन मास्टर्सने 1952 साली याच विषयावर कादंबरी लिहिली. 1939 चा ‘गंगा दीन’ आणि 1984 चा ‘टेंपल ऑफ डूम’ या चित्रपटांत कालीपुढे बळी देणारे ठग जगाने पाहिले. दर फेरीत अमीर अलीतला माणूस थोडा झिजला आणि देवीपुढे हात जोडणारा क्रूर वेडा तेवढा शिल्लक राहिला.

इतिहासाच्या अभ्यासकांनी यातले खरे-खोटे निवडण्यास पुढे सुरुवात केली. हिरालाल गुप्त यांनी 1959 साली, स्टुअर्ट गॉर्डन यांनी 1969 साली, राधिका सिंघा यांनी 1990 नंतरच्या दशकात आणि किम वॅगनर यांनी 2007 साली या कागदपत्रांची नव्याने छाननी केली. त्यांच्यात आपसांत मतभेद आहेत. पण एवढे म्हणता येते की, वाटमारी करून जीव घेणाऱ्या टोळ्या होत्या, आणि साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेला, एका देवीच्या आज्ञेने चालणारा, जन्माने ठरणारा खुन्यांचा पंथ मात्र त्या पुराव्यातून सिद्ध होत नाही. मराठेशाहीचा 1818 साली अस्त झाला, फौजा मोडल्या, हजारो शिपाई बेकार झाले, व्यापाराचा रोख पैसा उघड्या रस्त्यांवरून जात राहिला. ही कारणे रुक्ष आहेत. त्यांवर कादंबरी रंगत नाही. म्हणून ती मागे पडली आणि देवीचा रुमाल तेवढा लोकांच्या ध्यानात राहिला.

येथवर हा केवळ वाङ्मयाचा इतिहास वाटेल. परंतु पुढची पायरी आपल्या अंगणात येते. ठगांचा कायदा पुस्तकाच्या आधीचा. तेव्हा कायदा पुस्तकाने केला असे कोणी म्हणू नये. मात्र जन्मानेच गुन्हेगार असणारी माणसे या देशात असतात, ही कल्पना अशा पुस्तकांनी घरोघर मुरविली. आणि 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, तेव्हा ती कोणास विलक्षण वाटली नाही. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तीमधील माणसांची नोंद व्हावयाची, त्यांनी परवान्याशिवाय हलावयाचे नाही, आणि त्या जाहीरनाम्याविरुद्ध न्यायालयात दाद नाही. 1911 साली हा अंमल साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याची सोय झाली. सोलापुरास तारेच्या कुंपणात वसविलेली ‘सेटलमेंट’ ज्यांनी पाहिली ते लोक अगदी अलीकडेपर्यंत आपल्यात होते. कुंपणाआडची माणसे गिरण्यांतून राबत आणि हजेरीला परत येत. त्यांतल्या तान्ह्या पोराने कोणता खून केला होता? हा कायदा 1952 च्या 31 ऑगस्टला रद्द झाला. त्या जमातींस आपण ‘विमुक्त’ म्हणू लागलो. पण संशयाची जुनी नजर एका दिवसात रद्द होत नसते.

आणि आता या इतिहासातला आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 साली मराठीत प्रसिद्ध झाले. ‘उचल्या’चा लेखक लातूरकडचा, म्हणजे टेलर जेथे अंमलदार होता त्याच टापूतला म्हटले तरी चालेल. त्या पुस्तकातही चोरी आहे, पोलीस आहेत, मारहाण आहे. रहस्यकथेच्या वाचकास जे जे हवे ते सारे आहे. फरक एवढाच की, येथे विचारणारा साहेब नाही आणि मानेभोवती फासही नाही. ज्याच्याविषयी दीडशे वर्षे इतरांनी लिहिले, तो आपल्या हाताने लिहितो आहे. चोरी का करावी लागली, हे तो सांगतो, तेव्हा शकुन, देवी, वंशावळ हे सारे गळून पडते आणि भूक उरते. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही गोष्ट मराठी वाचकाच्या न्यायबुद्धीला शोभणारीच झाली.

तेव्हा टेलरची कादंबरी आता वाचूच नये काय? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ती अवश्य वाचावी, रात्री जागून वाचावी. मात्र शेजारी ‘उचल्या’ असावे. गुन्ह्याची खरी हकीकत म्हणून जे जे पुस्तक हाती येईल, ते वाचताना हे बोलणे कोणाचे, ते कोणापुढे आणि कोणत्या भयाने झाले, आणि ते कोणी कोणत्या भाषेत टिपून घेतले, एवढे आपण विचारीत गेलो, तर कथेची गोडी तसूभरही कमी होणार नाही. उलट, खुनी कोण याच्या शोधात एक आणखी खोल शोध मिसळेल. मारला गेलेला वाटसरू आणि केवळ जन्मामुळे कुंपणात टाकलेले मूल, या दोघांनाही बोलता आले नाही. त्या दोघांच्याही बाजूने विचार करणे, हेच पंचाच्या आसनावर बसलेल्या वाचकाचे काम होय.