रक्ताहवालाचे वाचन : अवटू, लोह व संप्रेरके

थायरॉइड ऊर्फ अवटू ग्रंथीचे कार्य, शरीरातील लोहाचा साठा आणि रक्तातील संप्रेरके यांची मोजमापे परस्परांशी व रुग्णाच्या तक्रारींशी ताडून त्यांचा अर्थ लावण्याची वैद्यकीय रीत. अहवालातील प्रत्येक आकडा हा एकेक साक्षीदार होय. नमुना केव्हा व शरीराच्या कोणत्या अवस्थेत घेतला आणि शेजारचे साक्षीदार काय सांगतात, हे पाहिल्यावाचून त्याची जबानी ग्राह्य धरता येत नाही.

पूर्वपीठिका : एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळात थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले खरे, परंतु रक्तातील अत्यल्प संप्रेरके बिनचूक मोजणे रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षामापन पद्धतीनंतरच साध्य झाले, या कार्याबद्दल यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फेरिटिन हे लोहसाठ्याचे प्रथिन चेक शास्त्रज्ञ लाउफबर्गर यांनी १९३७ मध्ये घोड्याच्या प्लीहेतून मिळविले होते. रक्तरसातील त्याचे मापन १९७२ पासून होऊ लागले.

संदर्भमर्यादा : आकड्यापुढे छापलेली मर्यादा बहुधा निरोगी व्यक्तींपैकी मधल्या ९५ टक्क्यांच्या मूल्यांवरून ठरवितात. साहजिकच शंभरांतील पाच निरोगी माणसे तिच्याबाहेर पडतात, आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्यास निरोगी माणसाच्याही अहवालात निदान एक आकडा ठळक टाइपात येण्याचा संभव सुमारे ६४ टक्के असतो.

अवटू : पोष ग्रंथीतून स्रवणारे टीएसएच हे अवटूला दिलेल्या ताकिदीसारखे आहे, अवटूने हात आखडता घेतला की ताकीद वाढते, अतिरेक केला की ती थांबते. प्रौढांत त्याची मर्यादा साधारणपणे लिटरमागे ०.४ ते ४ मिलि-एकके इतकी धरतात. टीएसएच चढलेले व मुक्त टी-४ (थायरॉक्सिन) उतरलेले असल्यास अवटून्यूनता उघड होते. टी-४ उतरूनही टीएसएच चढले नसेल, तर खुद्द पोष ग्रंथीचीच चौकशी करावी लागते. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्याने त्याच्या गोळीची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे उलटण्यापूर्वी केलेली फेरतपासणी बहुधा निरुपयोगी ठरते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांनी काही मापनपद्धतींत टीएसएच खोटेच कमी व टी-४ खोटेच जास्त दिसते.

लोह : शरीरातील तीन-चार ग्रॅम लोहापैकी बहुतांश हीमोग्लोबिनमध्ये खेळते असते आणि उरलेल्याचा मोठा भाग फेरिटिनच्या कोठारात पडून असतो. तूट आली की आधी कोठार रिते होते, मग वाहतूक करणाऱ्या ट्रान्सफेरिनची संपृक्तता घटते, आणि हीमोग्लोबिन सर्वांत शेवटी उतरते. म्हणूनच ते समाधानकारक असूनही लोहाची ओढ असू शकते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढात लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमखालील फेरिटिन ही तूट मानते. मात्र जंतुसंसर्गात वा दाहात फेरिटिन आपोआप वाढत असल्याने तेथे ही सीमा ७० पर्यंत नेतात. तांबड्या पेशी लहान परंतु फेरिटिन भरपूर असल्यास थॅलॅसीमियाच्या वाहकत्वाचा विचार करावा लागतो; सिंधी व लोहाणा समाजांत ते अधिक आढळते, आणि अशा व्यक्तीला तूट नसताना लोहाच्या गोळ्या देत राहण्यात काहीच हशील नसते.

इतर संप्रेरके : येथे वेळेला विशेष महत्त्व आहे. कॉर्टिसॉल व टेस्टोस्टेरॉन सकाळी, एफएसएच व एलएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तर प्रोजेस्टेरॉन पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस आधी तपासतात. प्रोलॅक्टिन तर सुईच्या धास्तीनेही वाढते.

एकत्रित वाचन : उदाहरणार्थ, पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या अहवालात हीमोग्लोबिन १०.२, फेरिटिन ६, टीएसएच १४ आणि प्रोलॅक्टिन किंचित वाढलेले, अशी नोंद आहे असे समजू. वरकरणी ही तीन निरनिराळी दुखणी भासतात. परंतु अवटून्यूनतेने रक्तस्राव वाढू शकतो व त्यापायी लोह जाते. टीएसएच वाढविणारा मेंदूचा संदेश प्रोलॅक्टिनही वाढवितो. आणि अवटूतील संप्रेरक घडविणाऱ्या एंझाइमालाच लोह लागत असल्याने एक उणीव दुसरीला पोसते. उपचारांतही हा संबंध सुटत नाही, कारण लोहाच्या गोळीने थायरॉक्सिनचे शोषण रोखले जाते. यास्तव थायरॉक्सिन सकाळी अनशापोटी व लोह त्यानंतर निदान चार तासांनी घेण्याचा दंडक आहे. हे अंतर पाळले गेले की नाही याची विचारपूस झाली नाही, तर पुढच्या अहवालात टीएसएच पुन्हा चढलेले दिसते आणि दोष गोळ्यांच्या वेळेचा असताना मात्रा मात्र वाढविली जाते.