इष्टुर फाकडा आणि माझं 'डेव्हलपमेंट'

परवा कॉलवर क्लायंटने मला 'डेव्हलपमेंट' दोनदा म्हणायला लावलं. आपण तीन तुकडे करतो, डेव्ह-लप-मेंट, आणि जोर पहिल्यावर. इंग्रजीत तुकडे चार, डि-व्हे-लप्-मंट, अन् जोर दुसऱ्यावर. जाम ओशाळलो.

मग इष्टुर फाकडा आठवला! जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज पुण्यावर चालून आली, तेव्हा कार्ल्याला त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट पडला. सुरुवातीचं जोडाक्षर जिभेला जड, म्हणून आपल्या लोकांनी पुढे 'इ' लावून नाव तोडलं: इष्-टुर. 'इस्टेशन'ही तसंच. वर शत्रूच्या शौर्याला 'फाकडा' ही दाद! उच्चाराची लाज वगैरे काही नाही. शिवाय वडगावची लढाईही जिंकली.

जोर कुठे द्यायचा ते मी शिकेनच, समोरच्याला कळावं म्हणून. ओशाळणं मात्र बंद.