फ्यूजच्या तारेपासून यूएसबी हबपर्यंत

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना चिनी मातीचा फ्यूज आठवत असेल. विजेची शेगडी आणि इस्त्री एकदम लावली की अंधार! मग कोणीतरी स्टुलावर चढून जळालेली तार बदलायची. फ्यूज आपले काम चोख करी, पण कोणामुळे उडाला हे सांगत नसे. ते आपण तर्काने ओळखायचे.

संगणकाला अशी मुकी व्यवस्था पुरणारी नव्हती. १९९४ साली सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. या कामात पुढे असलेले इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. एकाच केबलमधून माहिती जाणार आणि ५ व्होल्टची वीजही. मग ती वीज वाटायची कशी?

त्यासाठी एक साधी युक्ती योजली गेली. उपकरण जोडताच ते आपली ओळख सांगते. त्यात आपल्याला जास्तीत जास्त किती विद्युतधारा लागेल याचा आकडा असतो, २ मिलिअँपिअरच्या पटीत. ५० म्हणजे १०० मिलिअँपिअर आणि २५० म्हणजे ५००. तेव्हाची कमाल मर्यादा हीच होती. २००८ च्या यूएसबी ३.० ने ती ९०० केली. आता स्वतःचा अ‍ॅडाप्टर नसलेला हब घ्या. त्याला संगणकाकडून ५०० मिळतात. १०० स्वतःसाठी ठेवले की चार खाचांना प्रत्येकी १०० उरतात. तेथे २०० मागणारा पेनड्राइव्ह लावला, तर कार्यप्रणालीतील हबचा ड्रायव्हर त्याला सुरूच करत नाही आणि वीज अपुरी असल्याची सूचना पडद्यावर येऊ शकते.

आम्हाला महत्त्वाचे वाटते ते असे, की येथे कोणी काहीच मोजलेले नाही! ही नुसती वजाबाकी आहे, तीही उपकरणाच्या शब्दावर विसंबून. यूएसबीवर चालणारा साधा दिवा किंवा पंखा तर ओळखच सांगत नाही. मुकाट्याने धारा ओढतो. ड्रायव्हरच्या हिशेबात तो नसतोच.

म्हणून दुसरा पहारेकरी लागतो, आणि तो विद्युतमंडलातच बसवलेला असतो. संगणकाच्या खाचांना आणि स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेल्या हबला असे संरक्षण असावे, हा यूएसबीचा नियमच आहे. धारा मर्यादेबाहेर गेली की ते वीज तोडते किंवा रोखते. मात्र एवढ्यावर न थांबता हब आपल्या स्थितीच्या नोंदीत एक बिट ० चे १ करतो. काहीतरी बदलले आहे, एवढे ड्रायव्हरला कळते. तो नोंद मागवून वाचतो आणि अतिभाराची खबर कार्यप्रणालीला देतो. मुक्या फ्यूजला अशी वाचा फुटली.

पण काही हबांत सर्व खाचांना मिळून एकच संरक्षण असते. अशा वेळी ड्रायव्हरला अतिभार कळतो, गुन्हेगार कळत नाही. मग एकेक उपकरण काढून पाहायचे, वाड्यात करायचो तसेच.