घोडा आणि म्हैस

दिव्याहून रोह्याच्या गाडीनें पेणपर्यंत जावें व पुढें अलिबागची वाट धरावी, म्हणजे समुद्रकांठीं सासवणें हें गांव लागतें. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ सालीं येथेंच झाला. त्यांच्या घरींच आतां त्यांच्या शिल्पांचा संग्रह आहे. त्यांतील सिमेंटची म्हैस इतकी सजीव आहे कीं, पाहणारा क्षणभर थबकतो.

ती पाहतांना फ्रान्समधील आंत्वान लुई बारी (१७९५–१८७५) याचें स्मरण होतें. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयांत वाघसिंहांचें निरीक्षण करून त्यानें त्यांस ब्राँझमध्यें आणिलें. हिंदुस्थान त्यानें कधीं पाहिला नव्हता. तरी १८३१ च्या प्रदर्शनांत गाजलेलें त्याचें शिल्प सुसरीस फाडणाऱ्या वाघाचें होतें! परंतु मनुष्याकृतीलाच श्रेष्ठ मानणाऱ्या टीकाकारांनीं त्याला ‘पशुकार’ म्हणून हिणविलें. १८४८ सालीं त्याचें दिवाळें निघालें व शिल्पांचे सांचेदेखील सावकाराच्या हातीं गेले. फ्रान्सच्या कलापीठाचें सभासदत्व त्यास मिळालें, तें १८६८ सालीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं.

करमरकरांच्या वांट्यास अशी अवहेलना आली नाहीं. देवळाच्या भिंतीवर त्यांनीं काढलेलें शिवछत्रपतींचें चित्र पाहून कलेक्टर रॉथफील्ड यांनीं त्यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत धाडलें. पुढें १९२८ सालीं पुण्यास शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारांत त्यांनीं घडविलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. माझगांवच्या गोदींत ओतलेल्या, सुमारे ८ टनांच्या या ब्राँझनें त्यांची कीर्ति सर्वत्र झाली.

मात्र त्या कीर्तींत घोड्याचा वांटा किती, हें कोणी विचारीत नाहीं. अश्वारूढ पुतळ्याचा सारा भार घोड्याच्या पायांवर असतो. खांद्याचा एक स्नायु चुकला, तर वीरपुरुषहि लांकडी घोड्यावर बसलेला दिसावयाचा. धनी पैसे देतो तो स्वाराच्या मूर्तीचे. घोड्याची परीक्षा शिल्पकाराची त्यालाच द्यावी लागते. ही परीक्षा करमरकर उत्तीर्ण झाले, याचें रहस्य मला सासवण्याच्या त्या म्हशींत दिसतें. तिच्यापाठीं ना इतिहास, ना पराक्रम. केवळ एका डोळस माणसाची जनावरावरील माया आहे.

करमरकर १९६७ सालीं निवर्तले. पुण्याच्या पुतळ्यास वंदन करणाऱ्यांनीं एकवार घोड्याकडेहि पाहावें, आणि मग सवडीनें सासवण्याची वाट धरावी.