कुंपण आणि आडोसा

बुलढाण्याच्या एखाद्या नव्या वस्तीतून चैत्रातल्या सकाळी फेरफटका मारला, म्हणजे एक मौजेचे दृश्य दिसते. सिमेंटचे खांब, त्यांवर ताणलेली तारेची जाळी, आणि त्या जाळीवर कोठे हिरवी नेट, कोठे जुने लुगडे, कोठे तुराट्यांचा तट्टा बांधलेला. ज्याने पैसे मोजून आरपार दिसणारे कुंपण घातले, तोच आठ दिवसांत ते झाकण्याच्या उद्योगाला लागतो. आम्ही स्वतः त्यांतलेच एक. म्हणून या विषयाकडे वळलो.

आपल्या भाषेने कुंपण आणि आडोसा हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत, ते उगाच नव्हे. कुंपण गुरांना अडवते, आडोसा नजरेला. शेताच्या धुऱ्यावर बाभळीच्या नि बोरीच्या फांद्या रोवल्या की ढोर आत येत नसे. आतले पीक रस्त्यावरून दिसले म्हणून कोणाचे काही बिघडत नव्हते. घराची गोष्ट वेगळी. तेथे तुराट्या उभ्या लावून, दोन्ही अंगांनी आडव्या कामट्या देऊन, अंबाडीच्या दोराने आवळलेला कूड असे. वर शेणमातीचा हात फिरला की त्याचीच भिंत होई. न्हाणीचा आडोसाही असाच. ताटी तर मराठीत इतकी जुनी की, ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि मुक्ताबाईने बाहेरून ती उघडण्याची विनवणी केली, ही कथा तेराव्या शतकाच्या शेवटाची. एका गवती झापेचा मान एवढा, की आतल्याने ती उघडेपर्यंत बाहेरच्याने थांबावे!

थोरामोठ्यांच्या घरी हेच काम दगडाने केले. आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजास जाधवांच्या वाड्याचा दरवाजा पाहावा, किंवा काळ्या कोटाच्या जाड भिंती पाहाव्या. त्या भिंती शत्रूसाठी होत्या हे खरे. (लखुजी जाधवरावांचा घात मात्र १६२९ साली या भिंतींपासून दूर, दौलताबादेस, निजामशाही दरबारात झाला.) पण जुन्या वाड्यांतून देवडी असते, आणि देवडीतून शिरणाऱ्या परक्याला एकदम आतला चौक दिसू नये अशी योजना बहुधा केलेली असते. ती काही शत्रूसाठी नव्हे.

परंतु तट्टा काय किंवा भिंत काय, ती अर्धीच व्यवस्था होती. उरलेली अर्धी शेजाऱ्याच्या संयमावर चाले. कौटिल्याने घरांच्या तंट्यांचा विचार करताना, दुसऱ्याच्या घरास उपद्रव होईल असे दार वा खिडकी ठेवणाऱ्यास दंड सांगितला आहे. राजमार्गाचा तेवढा अपवाद. इंग्रजी अमदानीत हा जुना समज न्यायालयात गेला. १८६७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने गुजरातच्या रिवाजाला धरून, शेजाऱ्याच्या घरातील एकांताचा भंग ही दाद मागण्याजोगी आगळीक मानली. १८८८ साली अलाहाबादेसही, घरातील स्त्रियांचा वावर असलेल्या भागावर नजर पडेल असे नवे बांधकाम करू नये, हा रिवाज मान्य झाला. या दोहोंच्या मधे, १८८२ साली, सुविधाधिकारांचा कायदा आला. त्यात एक उदाहरण दिले आहे: एखाद्या गावी जर तसा रिवाज असेल, तर शेजाऱ्याच्या घराचा एरवी दृष्टीआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी कोणी काढू नये. आम्हांला यातला बारकावा महत्त्वाचा वाटतो. येथे झाकण्याचे ओझे ज्याला पाहिले जाते त्याच्यावर नाही, पाहणाऱ्यावर आहे.

मग तार आली. इंग्लंडातील नॉरिच हे विणकरांचे गाव. तेथील चार्ल्स बर्नार्ड याने १८४४ साली कापडाच्या मागावरून कल्पना घेऊन तारेची जाळी विणणारे यंत्र काढले. पुढे अमेरिकेत इलिनॉयच्या ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याला १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट मिळाले. दोन्ही गोष्टी जनावरे नि सशांसारखे प्राणी आत-बाहेर होऊ नयेत म्हणून निघाल्या. माणसाच्या नजरेचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. म्हणजे आपण घराभोवती जे लावले ते मुळात धुऱ्यावरचे कुंपण! गंमत अशी की, आज विदर्भातला शेतकरी उलट रोही नि रानडुकरे शेतात शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर जुन्या साड्या बांधतो. घराचा आडोसा शेतावर गेला आणि शेताचे कुंपण घरी आले.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. निर्णय मोठा आहे. पण प्लॉटवर राहणाऱ्या बाईला अंगणात केस वाळवायचे असतील, तर तिला अजून नेटच बांधावी लागते. शेजारच्या दुमजली गच्चीपुढे तीही अपुरी पडते.

आमची नेट वैशाखाच्या पहिल्याच वावटळीत गेली, आणि जाताना दोन खांब आडवे करून गेली. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून हलके खांब तग धरतात. तिला कापड लावले की ते गलबताचे शीड होते, हे आम्हांला तेव्हा कळले. पलीकडच्या मावशी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, वाऱ्याले वाट ठेवा न! मंग कायले पडते?" त्यांच्या सांगण्यावरून खांब दोन फूट खोल पुरले, आणि सगळी जाळी न झाकता फक्त न्हाणीच्या बाजूला, बोटबोटभर फट राखून, तुराट्या बांधल्या. उरलेल्या जाळीवर मृगात दोडका नि वाल चढवायचा ठरला आहे. बी मावशींनी दिले. त्यांची स्वयंपाकघराची खिडकी आमच्या अंगणावरच उघडते. तिची खालची झडप त्या दिवसापासून लावलेली असते.